फुगा आधी की रंग आधी?
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह)

आधी एक चूक कबूल करते, मग विषयाकडे वळते.

गेल्या वर्षी विज्ञान दिनाच्या भित्तिपत्रकात मी लोणार सरोवरावर एक पान लिहिलं होतं. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर जून २०२० मध्ये एकाएकी गुलाबी झालं होतं, आठवत असेल. लॉकडाऊन चालू होता आणि ते फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. मी बिनधास्त ठोकून दिलं की हा रंग प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जांभळ्या जीवाणूंचा आहे, त्यांच्या पेशीच्या आत पटलाचे छोटे छोटे फुगे असतात आणि त्या फुग्यांत रंग भरलेला असतो. सोबत स्केचपेनने काढलेलं चित्रही होतं. एका ज्युनिअर मुलीने तेच चित्र आपल्या सेमिनारमध्ये वापरलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला दोनच प्रश्न विचारले. हे जीवाणू लोणारला कोणाला सापडले? आणि पेशीत आधी फुगा तयार होतो की आधी रंग? तिला दोन्हीची उत्तरं आली नाहीत. खरं सांगायचं तर मलाही आली नसती. ती मला काही बोलली नाही, फक्त मेसमध्ये माझ्या टेबलावर बसायची बंद झाली.

हा लेख तिच्यासाठी आहे. बाकीच्यांनी वाचला तर आनंदच आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. २०२० साली पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने लोणारच्या पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यात हॅलोआर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव प्रचंड संख्येने सापडले. पाणी कमी झालं, खारटपणा वाढला आणि यांचं फावलं. हे आर्किया म्हणजे जीवाणू नव्हेतच, सजीवांची ती वेगळी शाखा आहे. त्यांचा गुलाबी रंग मुख्यतः बॅक्टेरिओरुबेरिन या कॅरोटिनॉइडचा असतो. गाजर, टोमॅटो यांच्या रंगद्रव्यांचा तो लांबचा भाऊ. त्यांच्याकडे कुठलंही हरितद्रव्य नसतं आणि मी काढले होते तसले पटलाचे फुगेही नसतात. म्हणजे माझं चित्र एका जिवाचं आणि मथळा दुसऱ्याचा, असा प्रकार झाला होता.

दुसरा प्रश्न मात्र मोठा निघाला. त्यासाठी मला चांगदेवचा चिखल आणावा लागला.

तापी-पूर्णेच्या संगमावर उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की काठाला काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा गाळ उघडा पडतो. तो दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरायचा, त्यात वर्तमानपत्राचे कपटे आणि उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कालवायचा, वरून नदीचंच पाणी ओतायचं आणि बाटली उजेडात ठेवून द्यायची. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात काढलेली ही युक्ती. कागदातून कार्बन मिळतो, बलकातून गंधक. तळाशी ऑक्सिजन संपतो आणि तिथे ज्यांना ऑक्सिजनशिवाय जगता येतं त्यांचं राज्य सुरू होतं. (माझी पहिली बाटली एप्रिलच्या उन्हात खिडकीत अक्षरशः शिजली. खान्देशात हा प्रयोग करणाऱ्यांनी पडदा लावावा.) दुसऱ्या बाटलीत मात्र दीड महिन्याने काळ्या गाळाच्या वर बीटाच्या रसासारखा लालजांभळा डाग उमटला. हे खरे जांभळे जीवाणू. झाडं प्रकाशसंश्लेषणात पाणी फोडतात म्हणून ऑक्सिजन सुटतो. यांच्यातले गंधकवाले पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, म्हणून यांच्या कारभारात ऑक्सिजन बाहेर पडतच नाही.

मग मी थोडं लाल पाणी काढून दोन बाटल्यांत भरलं. एक गच्च बंद केली, दुसरीत माशांच्या टाकीचा पंप लावला. दोन्ही त्याच खिडकीत. आठवड्याभरात पंपवाली बाटली फिकट, गढूळ झाली आणि बंद बाटली लालच राहिली. झालं! हवा मिळाली की जीवाणू रंग बनवायचं थांबवतो, असा निष्कर्ष मी वहीत लाल पेनने चौकटीत लिहिला आणि केमिकलच्या सरांकडे धावले. त्यांनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, "रंग गेला की रंगवाले गेले?"

पाच मिनिटं मला प्रश्नच कळला नव्हता. नदीच्या चिखलात शेकडो जातींचे जीवाणू असतात. हवा मिळाल्यावर दुसरेच कोणी भराभर वाढले असतील आणि लालवाले त्या गर्दीत हरवले असतील. माझ्या बाटल्यांवरून काहीच सिद्ध होत नव्हतं. निष्कर्ष बरोबर, पुरावा शून्य. परीक्षेत असं झालं तर आपण गुण मागतो, प्रयोगशाळेत मागता येत नाहीत.

हेच काम एकाच जातीची शुद्ध वाढ घेऊन फार पूर्वी झालेलं आहे. १९५७ साली कोहेन-बाझीर, सिस्ट्रॉम आणि स्टॅनियर या तिघांनी जांभळ्या जीवाणूंना हवा आणि उजेड मोजूनमापून दिला आणि रंग किती बनतो ते बघितलं. भरपूर हवा दिली की रंगद्रव्य बनणं बंद. हवा तोडली की पुन्हा सुरू. उजेड मंद केला की रंग जास्त, प्रखर केला की कमी. या अभ्यासांतला आवडता जीव म्हणजे रोडोबॅक्टर स्फेरॉइडिस. अलीकडे त्याचं बारसं पुन्हा करून सेरेइबॅक्टर केलं आहे, पण मी जुनंच नाव वापरते, पुस्तकांत तेच सापडेल.

आता पेशीच्या आत जाऊ. मी भुसावळला कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे 'सेल मेम्ब्रेन'ची व्याख्या मला झोपेतही येते, पण 'पटल' हा शब्द मी अकरावीत पहिल्यांदा ऐकला आणि तो जास्त आवडला. पटल म्हणजे पेशीभोवतीचा स्निग्ध पदार्थांचा पडदा, जाडी चार-पाच नॅनोमीटर. हवा भरपूर असताना रोडोबॅक्टर आपल्यासारखाच श्वसनावर जगतो. तेव्हा त्याचं पटल साधं, सरळ, पेशीला आतून चिकटलेलं असतं आणि पेशी जवळजवळ रंगहीन दिसते. हवा कमी झाली की रंगाच्या जनुकांवर बसलेली कुलपं निघतात आणि बॅक्टेरिओक्लोरोफिल, म्हणजे जीवाणूंचं हरितद्रव्य, तयार व्हायला लागतं. आणि मग ते सरळ पटल ठिकठिकाणी आत खेचलं जातं, फुगतं, आणि पेशीचं पोट ५० ते ६० नॅनोमीटर व्यासाच्या फुग्यांनी भरून जातं. बऱ्याच फुग्यांचं तोंड बाहेरच्या पटलाशी जोडलेलंच राहतं. १९५२ साली शॅकमन, पार्डी आणि स्टॅनियर यांनी पेशी फोडून असे रंगीत कण वेगळे काढले आणि त्यांना क्रोमॅटोफोर म्हटलं.

एवढा खटाटोप कशासाठी? आपण इंजिनिअर, आकडे मांडून बघू. समजा पेशी २ मायक्रोमीटर लांब आणि ०.८ मायक्रोमीटर व्यासाची नळी आहे. बाजूचं क्षेत्रफळ साधारण ५ वर्ग मायक्रोमीटर आलं. ६० नॅनोमीटरच्या एका फुग्याचं क्षेत्रफळ ०.०११३ वर्ग मायक्रोमीटर. असे ५०० फुगे धरले तर ५.६ च्या वर. म्हणजे पटल दुपटीहून जास्त झालं. आणि जागा किती गेली? एका फुग्याचं घनफळ ०.०००११३ घन मायक्रोमीटर, ५०० चं ०.०५७. पेशीचं घनफळ साधारण १. म्हणजे पोटातली फक्त पाच-सहा टक्के जागा देऊन सौरपॅनेल बसवायचं छप्पर दुप्पट करून घेतलं. ५०० हा आकडा मी गणितापुरता घेतला आहे, पण अशा पेशीत फुगे शेकड्यांनी असतात हे खरं. शिवाय फुगा बंद असल्याचा आणखी एक उपयोग आहे. उजेडाच्या ऊर्जेने प्रोटॉन फुग्याच्या आत कोंडले जातात आणि बाहेर यायला धडपडताना एटीपीची चक्की फिरवतात. हातनूर धरणाचं पाणी दारं उघडून सोडतात तसंच, फक्त धरण ६० नॅनोमीटरचं.

आता परीक्षकांचा प्रश्न. मी चित्रात दाखवलं होतं ते असं की घर आधी बांधलं आणि मग त्यात सामान आणून ठेवलं. ते चूक आहे.

रंग मोकळा ठेवता येत नाही. बॅक्टेरिओक्लोरोफिल उजेडात आणि ऑक्सिजनमध्ये मोकळं सापडलं तर ते ऑक्सिजनचं असं काही जहाल रूप तयार करतं की पेशीच मरते. १९५५ साली स्टॅनियर यांच्या गटाने कॅरोटिनॉइड न बनवणारा निळसर-हिरवा रोडोबॅक्टर घेऊन त्याला उजेड आणि हवा एकदम दिली. तो मेला. साधा, कॅरोटिनॉइडवाला जगला. म्हणून पेशी रंगद्रव्य साठवून ठेवत बसत नाही. रंगद्रव्य, ते धरून ठेवणारं प्रथिन आणि कॅरोटिनॉइड हे तिन्ही सोबतीने तयार होतात आणि पटलात जागच्या जागी जुळवले जातात. उलट बाजूने बघितलं तरी तेच. ज्या वाणात बॅक्टेरिओक्लोरोफिल बनवण्याचं काम जनुकीय दोषामुळे अडलं आहे, त्यात ती प्रथिनं टिकत नाहीत, पेशी त्यांचे तुकडे करून टाकते. आणि अशा पेशीत आतले फुगेही तयार होत नाहीत. रंग नाही, तर घरही नाही.

ही जुळणी दोन प्रकारची असते. एक एलएच-२, म्हणजे उजेड गोळा करणारी छोटी कडी. नऊ जोड्यांचं कडं आणि त्यात २७ बॅक्टेरिओक्लोरोफिल. १९९५ साली एका जवळच्या जातीतल्या अशा कड्याची रचना क्ष-किरणांनी स्पष्ट दिसली. ते चित्र कोणीही एकदा बघावं, एखाद्या कारागिराने घडवलेली बांगडी वाटते. दुसरं म्हणजे मधलं केंद्र आणि त्याच्याभोवतीचं मोठं कडं, एलएच-१. रोडोबॅक्टरमध्ये अशी दोन केंद्रं एकमेकांना चिकटून जोडी करतात. छोट्या कड्यांनी पकडलेला उजेड काही पिकोसेकंदांत मोठ्या कड्याकडे आणि तिथून केंद्राकडे जातो. या केंद्राची रचना दुसऱ्या एका जांभळ्या जीवाणूत उलगडली म्हणून डायझेनहोफर, हूबर आणि मिशेल यांना १९८८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण पटल वाकतं का? इथे मी बराच काळ अडले होते. पटल आत ओढणारा एखादा दोर, एखादा पंप असेल असं मला वाटत होतं. मेकॅनिकलची असल्यामुळे बल कुठून येतं ते सापडल्याशिवाय चैन पडत नाही. सुट्टीत मामाच्या शेतावर गेले होते, तिथली जुनी बांधीव विहीर बघताना ते डोक्यात शिरलं. विहीर गोल असते म्हणून काही गवंडी सरळ भिंत बांधून मग ती वाकवत नाही. तो प्रत्येक दगड थोडा पाचरीसारखा घडवतो. बाहेरची बाजू रुंद, आतली अरुंद. असे दगड एकाशेजारी एक लावत गेलं की भिंतीला गोल होण्यावाचून गत्यंतरच नसतं. गोलाई दगडातच असते.

रोडोबॅक्टरची केंद्रांची जोडी तशीच आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने बघितलं तर ती सपाट नाही, मधोमध वाकलेली आहे, अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखी. ती पटलात बसली की आजूबाजूचं पटल तिच्या आकाराप्रमाणे वळतं. एलएच-२ ची कडीही दाटीने एकत्र आली की पटलाला बाक देतात. महाशिवरात्रीच्या यात्रेत जशी माणसाला माणूस लागून जाते तशी ही कडी पटलात ठासलेली असतात. २००४ साली शेफील्डच्या हंटर यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या सुईने खऱ्या पटलावरून 'हात फिरवून' ही गर्दी प्रत्यक्ष दाखवली. केंद्रांच्या जोड्यांच्या रांगा आणि त्यांच्या भोवती छोट्या कड्यांचे जथे.

दगड बदलला की विहीर बदलते का, हेही तपासून झालं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात खणखणीत पुरावा हाच. एलएच-२ बनवू न शकणारे वाण घेतले. त्यांच्या पेशीत गोल फुग्यांऐवजी लांबच लांब नळ्या निघाल्या. नळीच्या अंगावर केंद्रांच्या जोड्या मळसूत्रासारख्या ओळीने बसलेल्या. उलट ज्या वाणात फक्त एलएच-२ ठेवलं, त्यात गोल फुगे मिळाले. पेशी तीच, पटलाचे स्निग्ध पदार्थ तेच, बदलला तो रंगाचा ठोकळा. आणि घराचा आकार बदलला.

आता कोणी म्हणेल, मग रंग म्हटला की फुगा आलाच. थांबा, तसंही नाही. हेलिओबॅक्टेरिया नावाचे जीव स्वतःचं वेगळंच बॅक्टेरिओक्लोरोफिल बनवतात, पण त्यांच्यात आतलं पटलच नसतं, सगळा कारभार बाहेरच्या पटलातच चालतो. हिरवे गंधक जीवाणू आणखी वेगळे. त्यांच्याकडे रंगद्रव्याचे रेणू प्रथिनाच्या आधाराशिवाय एकमेकांवर रचले जातात आणि क्लोरोसोम नावाच्या पिशवीत लाखाच्या घरात भरले जातात. ती पिशवी पटलाला आतून टेकलेली असते, पण पटल काही घड्या घालत नाही. ब्लास्टोक्लोरिस विरिडिसमध्ये फुगे नाहीत, सपाट पत्रे आहेत, वहीच्या पानांसारखे. रोडोस्पिरिलम रुब्रमकडे एलएच-२ मुळीच नाही, तरी त्याचे फुगे गोल आहेत. म्हणजे नुसता रंग आहे की नाही एवढं बघून चालत नाही. तो कशा आकाराच्या ठोकळ्यात बसतो, ते ठोकळे किती दाट लागतात, यावर घर ठरतं. शिवाय नवं पटल करायला स्निग्ध पदार्थ लागतात, ते पेशीला वेगळे बनवावे लागतात. नुसते दगड असून भागत नाही, चुनाही हवा.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी जाता जाता. इलिनॉयमधल्या क्लाउस शुल्टेन यांच्या गटाने असा एक अख्खा फुगा अणू-अणू मोजून संगणकात उभा करायचं काम हाती घेतलं. शुल्टेन २०१६ मध्ये वारले. ते काम अभिषेक सिंघरॉय आणि सहकाऱ्यांनी पुढे नेलं आणि २०१९ साली १३.६ कोटी अणूंचं ते मॉडेल प्रसिद्ध झालं. आपल्या लॅबमधल्या पीसीवर सॉलिडवर्क्सची एक असेंब्ली उघडायला लागणारा वेळ आठवून बघा.

तर परीक्षकांना द्यायचं उत्तर असं. हवा कमी झाल्यावर आधी सपाट पटलातच केंद्रं आणि त्यांची मोठी कडी रंगासकट बसायला लागतात, मागोमाग छोट्या कड्यांची भर पडत जाते, आणि ती भर पडत असतानाच पटल वळून फुगा होतो. मोकळा रंग आधी नाही आणि रिकामा फुगाही आधी नाही. रिकामा फुगा तर नसतोच कधी.

नवीन चित्र काढून नोटीस बोर्डाजवळ लावलं आहे. लोणारचा जीव वेगळ्या चौकटीत आहे आणि त्याच्या पोटात फुगे नाहीत. तिसरी बाटली माझ्या खोलीच्या खिडकीत पडद्यामागे आहे. ती चांगदेवची आहे, वास येतो हे मला मान्य आहे, सफाईच्या दिवशी कृपया कोणी फेकू नये. रेक्टर मॅडमनी परीक्षेपर्यंत परवानगी दिली आहे. आणि जिच्यासाठी हे लिहिलं तिला सांगायचं म्हणजे, मेसमध्ये खिडकीकडची तुझी जागा मी अजून धरून ठेवते.